तलफेवरची गोळी आणि मोबाइलवरचा डॉक्टर

दारू सोडण्यासाठी डॉक्टरला करायचा पहिला व्हिडिओ कॉल सकाळीच ठेवावा. आदल्या रात्रीच्या शेवटच्या पेगला तोवर दहा-बारा तास झालेले असतात, आणि माणूस काहीही सांगो, हात खरं बोलतात. डॉक्टर सांगतात, फोन कशाला तरी टेकवून ठेवा, दोन्ही हात समोर सरळ करा, बोटं फाकवा आणि तसेच धरून ठेवा. बोटांची टोकं स्क्रीनवर थरथरताना दिसली, कपाळावर घाम दिसला आणि समोरचा म्हणाला की एक घोट पोटात गेला की हे सगळं थांबतं, तर त्या दिवशी दारूची तलफ कमी करणाऱ्या गोळीचा विषय बाजूला राहतो. आधी दारू सुटतानाचा शारीरिक त्रास, मग तलफ. ऑनलाइन उपचारात सगळ्यात जास्त घोटाळा याच क्रमाचा होतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की सहा-आठ तासांत कापरं सुरू होतं. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. आपल्याकडे हे हमखास घडतं ते श्रावण लागल्यावर. गटारीला रात्री उशिरापर्यंत बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही, असा नेम पुष्कळ जण करतात. ज्याला तो सहज जमतो त्याचं ठीक. पण ज्याचा दिवसच क्वार्टरने सुरू होतो, त्याच्यासाठी तो नेम धोक्याचा. गळ्यात माळ घालून दारू सोडणाऱ्याचंही तेच. श्रद्धा कितीही खरी असली तरी मेंदूला दारूची सवय झालेली असते, आणि ती सुटायला औषधाचा टेकू लागतो.

तो टेकू व्हिडिओवरून मिळत नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरच्या उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. दारू सुटताना देतात ती क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं त्यातच मोडतात. त्यामुळे आधी फिट आलेली असेल, पूर्वी भ्रम झाला असेल, डोळे पिवळे असतील, गरोदरपण असेल किंवा घरात रात्री सोबतीला कोणीच नसेल, तर पहिला आठवडा जवळच्या दवाखान्यात किंवा जिल्हा रुग्णालयात काढावा लागतो. तिथे डोस पाच-सात दिवसांत उतरवत नेतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. थायमिन सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत गेलं पाहिजे. नाहीतर आधीच कमी असलेलं बी-१ संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे वाक्य नातेवाइकांनी पाठ करून ठेवावं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला विचारायला लाजू नये.

हात स्थिर असतील, सकाळची दारू लागत नसेल, पण संध्याकाळी सात वाजले की जीव कासावीस होत असेल, तर ऑनलाइन उपचार चांगला चालतो.

कॉलच्या सुरुवातीला दोन गोष्टी विचारल्या जातात आणि लोकांना त्या खटकतात. एक ओळखपत्र, दुसरी आत्ता तुम्ही आहात तिथला पूर्ण पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर. ही चौकशी विनाकारण नसते. कॉल चालू असताना कोणाला फिट आली तर १०८ ची गाडी कुठे पाठवायची हे कळायला हवं. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो. दाखवला नाही तर विचारावा. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, ही अडचण खरी. लोक गच्चीवर जातात, बंद गाडीत बसतात. इअरफोन लावले की निम्मं काम होतं, कारण डॉक्टरचे प्रश्न इतरांना ऐकू जात नाहीत आणि उत्तरं 'हो', 'नाही', 'चार' अशी देता येतात. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ केली तर चेहरा काळा दिसतो आणि डोळ्यांचा पिवळेपणा तपासता येत नाही. खालची पापणी ओढून पांढरा भाग दाखवायला सांगतात, तेव्हा ट्यूबलाइटपेक्षा दिवसाचा उजेड बरा.

मग हिशेब. 'रोज दोन पेग' हे उत्तर जवळपास प्रत्येक जण देतो आणि तेच सगळ्यात फसवं असतं. भारतात एक प्रमाण-पेय म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. ४२.८ टक्के असलेल्या व्हिस्की-रमचे ३० मिलिलिटर म्हणजे एक. १८० ची क्वार्टर म्हणजे सहा. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची कडक बियर म्हणजे चार, त्यामुळे 'मी फक्त बियर घेतो' याला फारसा अर्थ नाही. हातभट्टीचं प्रमाण कोणालाच ठाऊक नसतं. तिथे किती रुपयांची आणि किती ग्लास एवढंच लिहावं. घरच्या पेगाचं माप काढायची सोपी युक्ती: रोजच्या ग्लासात, रोज ओतता तेवढंच, पण पाणी ओता. मग ते औषधाच्या मापात किंवा बाळाच्या दुधाच्या बाटलीत मोजा. ज्याला पेग म्हणत होतो तो ७० मिलिलिटर भरतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं बोलणं सरळ होतं. याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. गुण ४० पैकी. आठ किंवा जास्त आले तर पिणं घातक, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची दाट शक्यता.

गोळीआधी रक्त. यकृतासाठी बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी आणि जीजीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, शिवाय हिमोग्राम आणि साखर. स्त्रियांना गरोदरपणाची तपासणी. सॅम्पल घरी येऊन नेतात, त्यामुळे या पायरीला सबब नसावी, तरी बहुतेकांची गाडी इथेच आठवडाभर अडते. 'रिपोर्ट वाईट आला तर?' ही भीती असते. वाईट आला तरी उपचार बंद होत नाही. फक्त गोळी बदलते.

गोळ्या मुख्यतः दोन. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट.

दारू प्यायल्यावर मेंदूत शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं सुटतात. 'बरं वाटलं, अजून एक घेऊ' ही ओढ त्यातून येते. ती रसायनं जिथे जाऊन बसतात त्या जागा नाल्ट्रेक्सोन अडवते. कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तसं. दारू पोटात जाते, डोकंही गरगरतं, पण मजा येत नाही. हळूहळू मेंदूही सातची वाट बघणं सोडतो. नेहमीचा डोस दिवसाला ५० मिलिग्रॅमची एक गोळी. पण पहिले एक-दोन दिवस, पोट नाजूक असेल तर चार-पाच दिवस, अर्धी म्हणजे २५ मिलिग्रॅम घ्यावी. भरल्या पोटी. चहा-बिस्किटावर घेतली तर मळमळ ठरलेली. भाकरी, भात, काहीतरी दमदार पोटात असावं. मळमळ, डोकेदुखी आणि थोडी झोपमोड हे तीन त्रास पहिल्या आठवड्यात बरेच जण सांगतात आणि बहुतेकांचे दहा दिवसांत ओसरतात. ज्यांची तलफ संध्याकाळची आहे ते दुपारच्या जेवणावर गोळी घेतात, तेही चालतं. मात्र वेळ रोज एकच हवी. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

'गोळी खाऊन प्यायलो तर काय होतं?' हा प्रश्न हमखास येतो. काही भयंकर होत नाही. उलट्या, लाल चेहरा वगैरे प्रकार डायसल्फिराम या वेगळ्या औषधाचा, त्याच्याकडे पुढे येऊच. पण मजा अडली म्हणून नशा अडत नाही. हात, डोळे आणि निर्णय तसेच ढिले पडतात. गोळीच्या भरवशावर गाडी चालवली तर ती तशीच झाडावर जाईल.

नाल्ट्रेक्सोनची खरी आडकाठी म्हणजे अफूच्या वंशातली वेदनाशामकं. पाठदुखीला ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध: लोक यांना 'साधी गोळी' समजतात आणि डॉक्टरला सांगत नाहीत. ही अंगात असताना नाल्ट्रेक्सोन घेतली तर तासाभरात घाम, उलट्या, जुलाब, अंगदुखी असा झटका बसतो की माणूस उपचारालाच रामराम ठोकतो. म्हणून आधी सात ते दहा दिवस अशी औषधं पूर्ण बंद हवीत. व्हिडिओवर डॉक्टर घरातला औषधांचा डबाच कॅमेऱ्यासमोर उपडा करायला सांगतात. पट्टीवरचं नाव वाचून दाखवा म्हटलं की निम्म्या घरांत काहीतरी निघतंच. उपचार चालू असताना अपघात झाला तर ट्रॅमाडॉल, मॉर्फिन नेहमीच्या डोसात लागू पडणार नाहीत, तेव्हा पाकिटात 'मी नाल्ट्रेक्सोन घेतो' अशी चिठ्ठी ठेवावी. ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोळी निदान ७२ तास आधी थांबवावी लागते, आणि ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं लागतं.

यकृताचे आकडे नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट-पाचपट वर असतील, तीव्र कावीळ असेल, तर डॉक्टर नाल्ट्रेक्सोनपासून लांब राहतात. तिथे अकॅम्प्रोसेट. या औषधाचं यकृतात विघटन होत नाही, ते मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज सहा. क्रिएटिनिन बिघडलेलं असेल तर डोस अर्ध्यावर, आणि फारच बिघडलेलं असेल तर अजिबात नाही. दारू थांबल्यानंतर सुरू करायचं हे औषध आहे. त्याचा परिणाम जाणवायला आठवडा लागतो, आणि मुख्य त्रास म्हणजे पातळ जुलाब. गोळी फोडायचीही नाही आणि चावायचीही नाही. दुपारच्या दोन हमखास विसरतात. कामावर जाणाऱ्याने त्या डब्याच्या झाकणाला चिकटवाव्यात.

सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कायमचं निबर झालेल्यांना काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात, बहुधा १० मिलिग्रॅम तीनदा, हळूहळू चढवत. सुस्ती येते, आणि ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. टोपिरामेटही वापरतात. त्यात बोटांना मुंग्या येतात आणि ऐन बोलताना शब्द आठवत नाही. शिक्षक, वकील अशांना ते सहसा झेपत नाही.

अपेक्षा किती ठेवायची? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आकडा असा आहे: ११ जणांनी नाल्ट्रेक्सोन घेतली, तर एरवी पुन्हा बेसुमार प्यायला लागला असता असा एक जण त्यातून वाचतो. अकॅम्प्रोसेटचाही आकडा ११ च, पण तिथे मोजलंय ते पुन्हा प्यायला सुरुवातच न करणं. वरवर कमी वाटेल, पण वैद्यकात हा आकडा चांगला समजला जातो. जादू मात्र नाही.

जादूच्या जाहिराती एसटी स्टँडच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. त्या पुडीत नेमकं काय असतं हे सांगता येत नाही, पण आमटीत डायसल्फिराम कुटून घालण्याचे प्रकार घरोघरी झालेले आहेत. डायसल्फिराम तलफेचं औषध नव्हे. ते दारूचं शरीरात होणारं विघटन मध्येच अडवतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीने पीत नाही. तोच त्याचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि मरूही शकतो. रुग्णाची स्वतःची संमती, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास, आणि हृदयाची तपासणी याशिवाय हे औषध सुरू होत नाही. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारू बाधू शकते. लपलेलं अल्कोहोलही: खोकल्याची सिरप, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, आणि द्राक्षासव-अश्वगंधारिष्टासारखी आसवं-अरिष्टं, ज्यांत आंबवण्यातूनच पाच-दहा टक्के अल्कोहोल तयार झालेलं असतं. बायको किंवा आई ऑनलाइन डॉक्टरला गुपचूप मेसेज करते, 'त्यांना न सांगता काही देता येईल का?' उत्तर नाही असंच येतं, आणि तिची दमछाक समजत असूनही ते बरोबर आहे. तिच्यासाठी वेगळी मदत आहे: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, व्यसनमुक्तीचा १४४४६. दोन्ही फुकट.

प्रिस्क्रिप्शन पीडीएफमध्ये येतं. त्यावर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचं नाव-वय आणि औषधाचं मूळ नाव हवं. गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे बी-१ मिळेल, नाल्ट्रेक्सोन बहुधा नसतं. तालुक्याच्या गावी दोन दिवस आधी सांगून मागवावं लागतं. गोळी स्वस्त नाही, म्हणून सुरुवातीला दहाच घ्याव्यात. मळमळ सोसली नाही तर महिनाभराच्या गोळ्या कपाटात पडून राहतात. पट्टी संपायला चार दिवस उरले की पुढची मागवावी. घसरण्याचे पुष्कळ प्रसंग सुरू होतात ते तलफेने नव्हे, तर 'रविवारी मेडिकल बंद होतं' इथून.

रोज लिहायचं ते चारच शब्द: गोळीची वेळ, तलफ शून्य ते दहा, किती प्यायली, कोणासोबत. वहीत लिहा किंवा फोनवर. आठवड्याने तो कागद बघितला की तलफेचा वक्तशीरपणा दिसतो. पगाराचा दिवस, शुक्रवार, भावकीचं भांडण, आणि सगळ्यात वर एका मित्राचा मेसेज: 'बसायचं का?' तलफ चढते, वीस-तीस मिनिटं राहते, उतरते. तेवढी कळ काढायला पोटात जेवण असणं फार उपयोगी पडतं. उपाशी पोटाची संध्याकाळ ही गोळीची सगळ्यात मोठी वैरी. साडेसहाला उपमा, शेंगदाणे, काहीही. चखणा दारूशिवाय खा, असं आम्ही सांगतो तेव्हा लोक हसतात, पण करतात.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट इतक्यांदा घडते की ती आधीच सांगून ठेवलेली बरी. बरं वाटायला लागतं. झोप येते, पोट साफ होतं, घरात कोणी ओरडत नाही. आणि माणूस ठरवतो की आता गोळीची गरज नाही. दोन दिवस गोळी नाही, तिसऱ्या दिवशी लग्न, आणि तिथे पहिल्याच पेगला जुनी मजा परत. त्यावर शरमेने पुढचा कॉल चुकवला जातो. ऑनलाइन उपचाराचं दुबळेपण इथे आहे: दवाखान्यात निदान कंपाउंडर फोन करतो, इथे 'कॉल रद्द करा' हे बटण अंगठ्याखालीच असतं. म्हणून पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावं की दोन कॉल चुकले तर कोणाला फोन करायचा, आणि तो नंबर रुग्णाने स्वतः द्यावा. घसरल्यावरही गोळी चालू ठेवावी, हे तर ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवं. प्यायलेल्या दिवशी नाल्ट्रेक्सोन थांबवायची नसते. त्या दिवशी तर ती जास्त लागते.

भेटी किती? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'कंबाइन' अभ्यासात १,३८३ जण होते आणि गोळीसोबतच्या साध्या वैद्यकीय भेटी १६ आठवड्यांत नऊ होत्या. पहिली मोठी, बाकीच्या छोट्या. व्हिडिओवर तोच साचा बसतो: पहिले दोन आठवडे दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. वीस मिनिटांत वजन, रक्तदाब, पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या कॅमेऱ्यासमोर मोजणं, वहीचं पान, झोप. घरच्यांना पाच मिनिटं बोलवायचं, तेही रुग्णाने हो म्हटलं तरच. यकृताची तपासणी महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी. मधल्या काळात लघवी चहासारखी गडद झाली, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखलं, डोळे पिवळे वाटले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी कॉल. मन फारच उदास झालं, जगावंसं वाटेना, तर मात्र कॉलची वाट न बघता जवळचं हॉस्पिटल किंवा १४४१६.

औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांची सवय लागत नाही, बंद करताना ती उतरवत न्यावी लागत नाहीत. बॅक्लोफेन मात्र हळूहळूच. बंद करायचा महिना निवडताना कॅलेंडर बघावं. डिसेंबर नको, गावच्या जत्रेचा महिना नको, घरात लग्न असेल तो नको. आणि गोळी थांबली तरी एक कॉल आधीच बुक करून ठेवतात: गटारीच्या आदल्या आठवड्यातला, सकाळचा.